विकत घेतलेला गेम कंपनीने बंद केला. जळगावात तक्रार चालेल का?

प्रश्न : मी भुसावळला राहतो. दिवाळीच्या बोनसमधून मुलासाठी कार-रेसिंगचा ऑनलाइन गेम घेतला, २,४९९ रुपयांना. वर गेममधल्या गाड्यांसाठी १,८०० गेले. आठ महिन्यांत कंपनीने सर्व्हर बंद केले, आता गेम उघडतही नाही. कस्टमर केअर म्हणतं, तुम्ही गेम नाही, परवाना घेतला होता. वाद असेल तर लवादाकडे जा, तोही परदेशात. असे गेम बंद करण्याविरुद्ध युरोपात सह्यांची मोहीम आहे, तीत सही करू का? मुलाचा मित्र म्हणतो, खासगी सर्व्हरवर चालू करून देतो.

उत्तर : भाऊ, गेम पुन्हा सुरू करून हवा की पैसे परत हवेत, हे आधी ठरवा. मी म्हणेन, पैसे मागा. परदेशातला सर्व्हर चालू करा असा आदेश जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाने दिला, तरी तो पाळायला कोण लावणार?

परवान्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. केळीला ठिबक तुम्ही विकत घेतलं, पण विहीर दुसऱ्याची, असा हा सौदा. मात्र विहीर आठ महिन्यांत बंद करायचं ठरलं असेल, तर ठिबक विकतानाच सांगायला नको? ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(११) नुसार महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा सेवेतली त्रुटी आहे. तक्रारीचा सगळा जोर इथे द्या. विक्रीच्या पानावर ‘खरेदी करा’ असं बटण होतं का, मुदतीबद्दल काही लिहिलं होतं का, ते पान अजून दिसत असेल तर आजच स्क्रीनशॉट घ्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, हा फक्त परवाना आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय असं बटण ठेवता येत नाही. आपल्याकडे असा कायदा नाही, पण युक्तिवादाला उपयोगी पडेल.

करारातली अटच अन्यायकारक आहे, असं मात्र मुख्य मागणीत लिहू नका. ते प्रकरण राज्य आयोगाकडे जातं आणि ४,२९९ रुपयांसाठी तुमच्या चकरा सुरू होतात. लवादाची भीती नको. अशा कलमामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात सांगितलं आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवरून ती घरबसल्याही दाखल होते. मुदत २ वर्षं. तुमच्या बाबतीत ती सर्व्हर बंद झाल्या दिवसापासून धरावी, असं माझं मत.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतात नियमित विक्री करणाऱ्या परदेशी कंपनीलाही लागू आहेत. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. पैसे भारतातल्या एखाद्या संस्थेच्या खात्यात गेले असतील, तर तिलाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा, नाहीतर नोटीस बजावण्यातच वर्ष जातं. गेम मुलाच्या अकाउंटवर असला तरी हरकत नाही, तुमच्या संमतीने सेवा वापरणाराही ग्राहकच.

युरोपातल्या सह्या फक्त तिथल्या नागरिकांच्या होत्या, आणि ती मुदत ३१ जुलै २०२५ ला संपली. युबिसॉफ्ट कंपनीचा २०१४ चा ‘द क्रू’ हा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद पडला, तेव्हा रॉस स्कॉट या यूट्यूबरने ही मोहीम उभी केली. सर्व्हर कायम चालवा, असं ते म्हणत नाहीत. जाताना गेम चालण्याजोगा ठेवून जा, एवढंच. दहा लाख सह्यांची अट त्यांनी ओलांडली. मागणी मला रास्त वाटते, पण ती कायदा बदलण्याची आहे, तुमच्या तक्रारीत बसणारी नाही.

आणि त्या मित्राला तूर्त थांबवा. गेमचं कुलूप तोडून तो चालवणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ मध्ये ओढलं जाऊ शकतं, आणि समोरच्या वकिलाला आयोगापुढे तेवढंच पुरेल.