कूलर लावला की आरसीसीबी पडते

प्रश्न : नागपूर जिल्ह्यात, काटोलला आमचे जुने घर आहे. एमएसईबीच्या (राज्य वीज मंडळाच्या) काळापासून किटकॅट फ्यूज होता. आता एमसीबी (जादा प्रवाहाला पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (विजेची गळती पकडणारा स्विच) बसवली, तर कूलर लावला की लाइन जाते. वायरमन म्हणतो, आरसीसीबी काढून टाका. पूर्वी हाच कूलर चालत होताच ना! काय करावे?

उत्तर : काढू नका. गळती पूर्वीही असू शकेल, दाखवणारे काही नव्हते. किटकॅटची तार वितळायला कित्येक अँपिअर लागतात, एमसीबीचेही तेच. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह ताडून बघते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडेपर्यंत ती पडतेच. याहून फार जास्त प्रवाह लागत नाही माणूस मरायला.

मेन बंद करा, प्लग काढा. पंपाची जोडणी सोडवून टोकांना टेप लावा आणि नुसता पंखा चालवून बघा. लाइन टिकली तर पंपात पाणी शिरले आहे. नवा पंप घ्या, जुना दुरुस्त करत बसू नका. तरीही पडली तर पत्र्याच्या छिद्रातून वायर जिथे आत जाते तिथे बघा. रबरी बुश निघालेला असला की पत्र्याची धार इन्सुलेशन कापते. तिथेही काही नसेल तर मोटर तपासून घ्या. कूलर नसताना साधा बल्ब लावूनही पडत असेल, तर बहुधा वायरमनने दुसऱ्या सर्किटची न्यूट्रल उसनी घेतली आहे, म्हणजे प्रवाह आरसीसीबीला वळसा घालून परततो.

२००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाले, वितरण महावितरणकडे गेले, मीटर बदलले. मीटरच्या पुढचे वायरिंग मात्र ग्राहकाचे, ते तसेच राहिले. खरी गोम अर्थिंगची. जुन्या घरांत ती नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असे. पाइप प्लास्टिकचा झाला की अर्थिंग तिथेच संपली, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. अर्थिंगसाठी वेगळा खड्डा करून घ्या. मे महिन्यात माती भेगाळते तेव्हा त्यात पाणी टाकत राहा. थ्री-पिनची अर्थ न्यूट्रलला जोडण्याचा 'जुगाड' करू देऊ नका. न्यूट्रल तुटली की कूलरच्या अख्ख्या पत्र्यावर फेज येते.

महिन्यातून एकदा लाइन चालू असताना आरसीसीबीचे 'टी' बटण दाबा. पडली नाही तर ती बदला. या बटणाने अर्थिंग तपासली जात नाही, ती वेगळी मोजून घ्यावी लागते.