पुस्तकाची छपाई आणि बांधणी वेळेत, नासाडी न होता व्हावी यासाठी आधी काय ठरवावे?

सर्वांत आधी बांधणी ठरवावी, कारण पानांची मांडणी तिच्यावरच अवलंबून असते. बहुतेक जण हा निर्णय शेवटी घेतात आणि मग कण्याकडच्या, म्हणजे पाने जिथे जोडलेली असतात त्या बाजूच्या, समासात अक्षरे गडप झालेली पाहून हळहळतात. नुसत्या गोंदाने चिकटवलेले पुस्तक शिवलेल्या पुस्तकाइतके सपाट उघडत नाही, म्हणून त्यात आतला समास थोडा अधिक सोडावा लागतो.

त्यानंतर पृष्ठसंख्या पाहावी. पुस्तक सहसा १६ पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या गटांत, छापले जाते. मजकूर १९६ पानांचा झाला, तर १२ फर्मे भरून ४ पाने उरतात आणि तेवढ्यासाठी छपाई, घडी व फर्मे क्रमाने लावण्याचे काम वाढते. अशा वेळी मजकूर १९२ पानांत बसवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

कागद निश्चित झाल्याशिवाय मुखपृष्ठ अंतिम करू नये, कारण मुखपृष्ठावर कण्यासाठी किती रुंदी ठेवायची हे कागदाच्या जाडीवर ठरते. १९२ पाने म्हणजे ९६ कागद, कारण प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजूंना एकेक पान येते. प्रत्येक कागद ०.१ मिमी जाडीचा असेल तर कणा सुमारे ९.६ मिमी भरतो आणि कागद बदलताच हे माप बदलते. त्याच कागदाची कोरी प्रत बांधून घेतली, तर ते हातात धरून तपासता येते. कागदाच्या तंतूंची दिशा कण्याला समांतर असावी, हेही छापखान्याला आवर्जून सांगावे; अन्यथा पाने ताठ राहतात आणि कण्याजवळ लहरी पडतात.

मुद्रितशोधन पूर्ण झाल्यावरच फाइल द्यावी, आणि शाई वाळण्यासाठी लागणारा वेळ वेळापत्रकात धरावा.