बर्फ पडतो तिथलं लॉन: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, बर्फ वितळला आणि लॉनवर राखाडी-पांढरट गोल चट्टे दिसायला लागलेत, गवत आडवं चिकटून पडलंय, वर कोळिष्टकासारखं काहीतरी आहे. बुरशीचं औषध मारू का, की सगळं उकरून नवीन लावू?

उत्तर: दोन्ही नको. हा स्नो मोल्ड, म्हणजे बर्फाखाली वाढणारी बुरशी. राखाडी प्रकार असेल तर बहुतेक वेळा फक्त पाती मरतात, बुडखा जिवंत असतो आणि थोडी ऊब आली की तिथूनच नवीन पातं येतं. चट्ट्याच्या कडा गुलाबी दिसत असतील तर मात्र लक्ष ठेवा, ती बुरशी बुडख्यापर्यंत जाऊ शकते आणि तिला बर्फ लागतोच असंही नाही, नुसता गार ओलावा पुरतो. जमीन वरून सुकली की हलक्या हाताने दाताळं फिरवून चिकटलेली पाती मोकळी करा, हवा खेळू द्या, एवढंच. आत्ता औषध मारून काही उपयोग नाही कारण ते बर्फ पडायच्या आधी मारायचं असतं, आणि घरच्या लॉनला सहसा त्याचीही गरज पडत नाही. खरं कारण शोधायचं तर मागच्या शरद ऋतूत बघा: गवत उंच राहिलं होतं का, पानांचा थर तसाच होता का, उशिरा भरपूर नायट्रोजन दिला होता का, रस्त्यावरचा बर्फ लोटून तिथेच ढीग केला होता का. यातलं काहीतरी सापडतंच.

प्रश्न: मी दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये खत, बी, तण रोखणारं औषध सगळं टाकते, मे महिन्यात लॉन मस्त दिसतं आणि जुलैत पिवळं. चुकतंय कुठे?

उत्तर: मेहनत भरपूर आहे, वेळ चुकतेय. ब्लूग्रास, रायग्रास, फेस्क्यू ही थंड हवेतली गवतं, आणि त्यांची मुळं जमीन साधारण १० ते १८ अंश सेल्सियस असते तेव्हा सगळ्यात जोरात वाढतात. वसंतात भरपूर खत दिलं की सगळा जोर पात्यांत जातो, तुम्ही नुसतं मॉवर फिरवत बसता, मुळं राहतात वरवर, मग ऊन तापलं की ती पाणी ओढणार कुठून? म्हणून मी सगळ्यांना हेच सांगते की लॉनचं वर्ष ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं असं धरा (उत्तर गोलार्धातले महिने सांगतेय). तेव्हा जमीन अजून उबदार असते, हवा गार होत असते, तणांचा जोर ओसरलेला असतो, याच्यासारखा मुहूर्त दुसरा नाही. जमीन दडपलेली असेल तर तेव्हाच कोअर एरेटर फिरवा, जो मातीच्या छोट्या गुंड्या बाहेर काढतो, त्या गुंड्या तिथेच राहू द्या, पावसाने विरघळतात. लगेच बी पेरा, म्हणजे पहिल्या कडक थंडीच्या आधी त्याला निदान सहा आठवडे मिळतील. आणि बी वेगवेगळ्या वेळी उगवतं हे लक्षात ठेवा, रायग्रास आठवड्याभरात दिसतं पण ब्लूग्रासला दोन ते चार आठवडे लागतात, लोक दहाव्या दिवशी हताश होऊन पाणी बंद करतात आणि तिथेच बी मरतं, याचं मला फार वाईट वाटतं. वर्षातलं मुख्य खतही सप्टेंबरमध्येच.

अजून एक. तण रोखणारी बहुतेक औषधं क्रॅबग्रास या तणाचं बी आणि तुमचं बी यात फरक करत नाहीत, दोन्ही अडवतात. त्यामुळे एकाच वेळी दोन्ही टाकणं म्हणजे पैसे मातीत. बी शरदात, औषध वसंतात, माती १० ते १३ अंशांवर पोचली की.

प्रश्न: उन्हाळ्यात गवत वाळलं तर ते मेलं समजायचं का?

उत्तर: नाही हो, बहुतेकदा झोपलेलं असतं. एकतर आठवड्याला अडीच सेंटिमीटर पाणी द्या, पहाटे, एक-दोनदाच पण खोलवर, नाहीतर सरळ झोपू द्या आणि दोन-तीन आठवड्यांनी सेंटिमीटरभर पाणी देऊन बुडखे जिवंत ठेवा. मधेच उठवायचं मधेच झोपवायचं हे करू नका, त्यात ते जास्त थकतं. कापताना उंची ७-८ सेंटिमीटर, आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कधीच नाही. कापलेलं गवत उचलू नका, त्यातला नायट्रोजन परत मातीत जातो.

प्रश्न: हिवाळ्यात काहीच करायचं नसतं ना?

उत्तर: करायचं फार नाही, टाळायचं आहे. दव गोठलेल्या गवतावरून चालू नका, पात्यातल्या पेशी फुटतात आणि नंतर पावलांचे तपकिरी ठसे उमटतात. मीठ मिसळलेला बर्फ लॉनवर लोटू नका. कडेची पट्टी तरीही करपली तर वसंतात भरपूर पाणी सोडून मीठ खाली धुवून काढा आणि मग बी टाका. शेवटची कापणी ५-६ सेंटिमीटरवर आणा, त्याहून खाली नको. पानं थोडी असतील तर मॉवरनेच बारीक करून तिथेच सोडा, जाड थर असेल तर उचला. वितळल्यावर नागमोडी चर दिसले तर ते बर्फाखाली फिरणाऱ्या व्होल उंदरांचे रस्ते, घाबरू नका, दाताळं फिरवलं की बहुतेक भरून येतं.

प्रश्न: सप्टेंबर हातचा गेला, आता नोव्हेंबर. बी पेरू का?

उत्तर: आत्ता लगेच नको, उगवलं तर कोवळे कोंब थंडीत जातील. अजून थोडं थांबा, माती ४-५ अंशांच्या खाली गेली की पेरा, मग बी उगवत नाही, नुसतं पडून राहतं आणि जमीन गोठते-वितळते तसं आपोआप मातीत रुतत जातं. वसंतात ऊब आली की उगवेल. थोडं बी वाया जाणार हे धरून प्रमाण जरा वाढवा, उतारावर पेरू नका कारण वितळलेल्या पाण्याबरोबर वाहून जाईल, आणि जिथे पेराल तिथे त्या वसंतात क्रॅबग्रासचं औषध अजिबात टाकायचं नाही.