व्हीम की ईमॅक्स? आधी बाहेर पडायला शीक

बेळगावचा कुंदा भारी की गोकाकचा करदंट, तसलाच व्हीम आणि ईमॅक्स या दोन एडिटरांचा, म्हणजे मजकूर नि कोड लिहायच्या प्रोग्रामांचा, हा वाद आहे बघ. व्हीमचा पूर्वज व्हीआय आणि ईमॅक्स, दोन्ही १९७६ चे. भांडण मजेत ऐक की, पण आधी बाहेर पडायला शीक. व्हीममध्ये एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. काहीही साठवलं जात नाही. ईमॅक्समध्ये कंट्रोल-एक्स, मग कंट्रोल-सी. व्हीममध्ये सवयीने कंट्रोल-एस दाबलास आणि स्क्रीन गोठली, तर खिडकी बंद करू नको. टर्मिनलने (आज्ञा टाइप करायच्या त्या खिडकीने) फक्त दाखवणं थांबवलंय, कंट्रोल-क्यू दाब.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच. आपण मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही टाइप करतो. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिला की व्हीमचं कर्सर खाली नेणारं 'जे' म्हणजे 'र' होतं, आणि आज्ञा चालतच नाही. म्हणून एस्केपनंतर लगेच इंग्रजीवर ये. ईमॅक्समध्ये सिस्टिमचा कीबोर्ड इंग्रजीच ठेव, कंट्रोल-बॅकस्लॅशने आतली देवनागरी किंवा कन्नड पद्धत लाव. आज्ञा शाबूत राहतात. मराठी-कन्नड मिसळून लिहायचं असेल तर मी ईमॅक्सच सांगेन.

सर्व्हरवर मात्र व्हीआय लागतंयच. टर्मिनलमध्ये 'व्हीमट्यूटर' हा व्हीम शिकवणारा धडा चालव, अर्ध्या तासात हात बसतो.