डाव्या पायात स्की बूट ढिला, उजव्यात बरोबर. काय करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उजवं पाऊल 263 मिमी, डावं 255. वापरलेले 26.5 चे (हे माप पावलाच्या लांबीचं, सेंटिमीटरमध्ये) स्की बूट घेतलेत. उजवा छान बसतो. डाव्यात गुडघे वाकवले की टाच उचलली जाते आणि बोटं पुढे आपटतात. जानेवारीत गुलमर्गचा कोर्स आहे. डाव्या पायात दोन मोजे घालू, पुढे कापूस भरू, की बकल आवळून भागेल?

तिन्ही नको. दोन मोज्यांमध्ये घड्या पडतात, घाम अडकतो, पाय गार पडतो आणि टाच तरीही सुटते. कापूस तासाभरात दबतो, ओला होतो आणि बोटांना हलायला जागा ठेवत नाही. बकल जास्त आवळलं तर पावलाच्या वरच्या बाजूने जाणारी रक्तवाहिनी आणि नसा दाबल्या जातात. पाय बधिर होतो, मग थंडी आणखी बोचते. मोजा एकच, पातळ, स्कीसाठीचा, लोकर किंवा सिंथेटिक. सुती नाही.

बोटं आपटतात म्हणून बूट लहान आहे असं बऱ्याच जणांना वाटतं आणि ते आणखी मोठा मागतात. तुमच्या बाबतीत उलट आहे. टाच धरलेली नाही म्हणून अख्खं पाऊल पुढे सरकतं आणि अंगठ्याचं नख जाऊन आदळतं. नखं काळी पडतात ती बहुतेक वेळा अशीच. म्हणजे दुरुस्ती पुढे करायचीच नाही. टाच मागे आणि खाली धरून ठेवायची. बोटांपुढची जागा तशीच राहू द्यायची.

आधी मोकळी जागा नेमकी कुठे आहे ते पाहा. लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, बाहेर काढा (घरच्या उबेत सहज निघतो, बर्फात प्लास्टिक कडक झाल्यावर झटापट करावी लागते). नुसत्या शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कडक प्लास्टिकच्या कवचात, मोजा घालून पाय ठेवा, बोटं पुढच्या भिंतीला हलकेच टेकवा आणि टाचेमागे किती फट उरते ते मोजा. सुताराची पेन्सिल, लाकडी पट्टी, काहीही चालेल. साधारण 15 मिमी ही शिकणाऱ्यासाठी चांगली फट. 10 च्या खाली गेली तर शर्यतवाल्यांचं माप. 20 पर्यंत पॅड लावून सांभाळता येते. 25 च्या पुढे गेली तर त्या पायासाठी ते शेलच चुकीचं आहे, कितीही फोम चिकटवा. तुमच्या उजव्या पायाला 12 मिमी फट असेल तर डाव्याला 8 मिळवून 20 निघेल. काठावर आहे, पण जमण्यासारखं आहे.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत: बहुतेक कंपन्यांत 26 आणि 26.5 चं शेल एकच असतं, फरक फक्त आतल्या सोलमध्ये किंवा लायनरमध्ये. त्यामुळे डाव्यासाठी ‘अर्धा नंबर लहान’ मागून हाती काही लागत नाही. टाचेच्या बाजूला प्लास्टिकवर मिलिमीटरमध्ये कोरलेला आकडा असतो, 305 किंवा 315 असा. ती बुटाच्या बाहेरच्या तळाची, म्हणजे सोलची लांबी. ती लिहून ठेवा, पुढे लागेल.

फट ठीक निघाली तर सामान जमवा: 2 मिमी आणि 3 मिमी जाडीची घट्ट ईव्हीए (चपला-बुटांत वापरतात त्या फोमची) शीट, सँडपेपर, धारदार कटर, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, आणि शेवटी मोची वापरतात ते रबराचं सोल्यूशन. इंदुरात राजवाड्याच्या आसपासच्या चांगल्या मोच्याकडे शीटचे तुकडे मिळतील. त्याहून बरं म्हणजे सपाट तळव्यांसाठी वगैरे सोल बनवून देणारा ऑर्थोटिस्ट गाठा. त्याच्याकडे हीच शीट वेगवेगळ्या घट्टपणात असते आणि कडा घासायचं मशीनही. इंदुरात स्की बूट बसवून देणारा शोधत फिरण्यापेक्षा हा माणूस जास्त कामाचा. योगा मॅट कापू नका. चिमटीत दाबल्यावर निम्म्याहून कमी जाडीचा होणारा फोम उताराच्या पहिल्या दिवशीच दबून जातो.

सुरुवात आतल्या सोलपासून. बुटासोबत आलेला सोल बहुधा पातळ आणि सपाट असतो. उभं राहिल्यावर तळव्याची कमान दबते, पाऊल लांब आणि रुंद होतं, आणि दर वळणावर ते आत थोडं थोडं सरकत राहतं. कमानीला आधार देणारा सोल दोन्ही बुटांत घाला. त्याने बुटातली जागाही थोडी भरते, म्हणून पॅडची मापं हे झाल्यावरच घ्यायची. आधी पॅड आणि नंतर सोल, असं केलं तर सगळं पुन्हा उपटावं लागतं.

मग डाव्या बुटातली उंची कमी करा. लायनरच्या खाली शेलच्या तळाशी एक सुटी पट्टी असते, बहुतेक बुटांत ती उचलून काढता येते. ती कागदावर ठेवून आकार काढा, त्या मापाचा 2 मिमी ईव्हीएचा तुकडा कापा आणि पट्टी व लायनर यांच्यामध्ये घाला. पूर्ण लांबीचा, फक्त टाचेखाली नाही. नुसती टाच उचलली की शरीराचा कल बदलतो. तो वेगळ्या तक्रारीवरचा इलाज आहे. 2 मिमीने पाऊल वर येऊन बुटाच्या छताला लागतं आणि बकल आहे त्या दातावरच घट्ट वाटायला लागतं. कमी पडलं तर 3 मिमीचा घाला. त्यापुढे मी तरी जाणार नाही, कारण पाऊल वर आलं की घोट्याचं हाडही वर येतं आणि लायनरमध्ये त्याच्यासाठी केलेल्या खळग्याच्या बाहेर जातं. मग ते हाड दिवसभर टोचतं.

आता टाच. हेच मुख्य काम, इथे घाई करू नका. नुसता लायनर पायात घाला, बाहेरून बोटांनी चाचपून घोट्याची दोन्ही हाडं शोधा आणि लायनरवर पेनाने गोल काढा. बोटांना नीट कळत नसेल तर घोट्यावर जरा ओलं कुंकू लावा, पाय लायनरमध्ये घालून बाहेर काढा. आत ठसा उमटतो. डाग जाणार नाही, पण तिथे बघतंय कोण. लक्षात ठेवा की आतल्या बाजूचं हाड बाहेरच्यापेक्षा वर आणि थोडं पुढे असतं. म्हणून दोन पॅड एकमेकांची आरशातली प्रतिमा म्हणून कापले तर एक तरी नक्की हाडावर बसतो. प्रत्येक बाजूचा आकार वेगळा काढायचा.

पॅडचा आकार इंग्रजी जे अक्षरासारखा: हाडाच्या मागून खाली उतरणारा आणि हाडाखालून पुढे वळणारा. जाडी 3 मिमी, रुंदी साधारण दीड ते दोन सेंटिमीटर. टाचेच्या वर, घोटा आणि मागची जाड शीर यांच्यामध्ये जी खोलगट जागा असते ती यानेच भरते आणि टाच वर यायची थांबते. सगळ्या कडा सँडपेपरने उतरत्या करा, चौकोनी धार ठेवलीत तर दोन तासांत ती त्वचेला कळते. पॅड लायनरच्या बाहेरच्या बाजूला लावायचा, आत कधीच नाही. आत लावला की मोज्याला घासतो आणि सुटून गोळा होतो. आधी टेपने चिकटवा. सोल्यूशन नंतर.

एवढं करूनही नडगी आणि बुटाची जीभ यांच्यात मोकळं वाटत असेल तर जिभेच्या बाहेरच्या बाजूला, पावलाच्या वाकाच्या जरा वर, 3 मिमीचा एक तुकडा लावता येतो. पोटऱ्या बारीक असणाऱ्यांना याचा फरक लगेच कळतो. चवड्याच्या बाजूंना मात्र काही भरू नका, तिथे थोडी ढिलाई चालते.

एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर चाचणी. सगळं एकदम लावून पाय दुखला तर कशाने दुखला ते कळत नाही.

चाचणी अशी: खाली जाड चटई टाका, फरशीवर स्की बूट घसरतो. पाय घातल्यावर टाच दोनतीनदा मागे आपटा, गुडघा पुढे वाकवा आणि त्याच स्थितीत पावलाच्या वाकावरचं बकल, म्हणजे बोटांकडून मोजलं तर दुसरं, आधी लावा. टाच धरून ठेवण्याचं काम तेच करतं. मग त्यावरची दोन, मग वरचा पट्टा. बोटांजवळचं फक्त बंद राहील इतपत. दहाबारा वेळा गुडघे वाकवून परत एकदा आवळा. बकलची तार स्क्रूसारखी फिरवली की दातांच्या मधलं बारीक माप मिळतं. डाव्या-उजव्याला वेगळे दात लागले तर लागू देत. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम स्पर्श करायला हवीत आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरायला हवीत. टाच एक-दोन मिलिमीटर हलली तर ठीक.

अर्धा-पाऊण तास बूट पायात ठेवा. पावलाच्या वर मुंग्या आल्या तर खालचा तुकडा जाड झालाय किंवा ते दुसरं बकल जास्त ओढलंय. घोट्यावर एका बिंदूत दुखलं तर पॅड हाडावर चढलाय, 3-4 मिमी मागे किंवा खाली घ्या. टाच अजून उचलली जाते पण कुठेही दुखत नाही, तर पॅड 5 मिमीचा करा. खोलीत बकल शेवटच्या दातापर्यंत जात असेल तर अजून जागा भरायची बाकी आहे, कारण वापराने लायनरचा फोम दबत जातो आणि मग आवळायला दातच उरत नाही.

फट 25 मिमीच्या वर निघाली तर वेगळा रस्ता धरा. गुलमर्गला भाड्याचे बूट घेताना डावा आणि उजवा वेगळ्या मापाचा मागा, यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त दोन शेलच्या सोलची लांबी साधारण 10 मिमीने वेगळी येईल, म्हणून प्रत्येक स्कीचं बाइंडिंग (बूट स्कीवर धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड) त्या-त्या बुटाला जुळवून घ्यायला हवं. ते न करता एकच माप ठेवलं तर पडल्यावर बूट वेळेवर सुटणार नाही किंवा नको तिथे सुटेल. गुडघ्याचे अस्थिबंध त्यातच जातात. जुळवून झालं की दोन्ही स्कींवर रंगीत टेप लावा, नाहीतर जेवणानंतर अदलाबदल ठरलेली.

नवीन बूट घेणार असाल तर लहान पायाच्या मापाने घेऊन मोठ्या पायाचं शेल गरम करून फुगवून घेणं हा पर्याय मला जास्त पटतो. भरलेला फोम दबत जातो, फुगवलेलं प्लास्टिक तसंच राहतं. मात्र काही मिलिमीटरच मिळतात आणि ते साचे व यंत्र असलेल्या बूट-फिटरचं काम आहे. घरच्या हीटगनने शेल वाकडं होतं. बुटाच्या बाहेरच्या तळाला तर काही चिकटवायचंही नाही, घासायचंही नाही. बाइंडिंगचं सगळं गणित त्या तळावर असतं.

तुमचे बूट वापरलेले आहेत म्हणून आणखी एक. पॉलियुरेथेनचं शेल वयाने ठिसूळ होतं, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर दोनचार उन्हाळे काढले असतील तर लवकरच. बकलांच्या रिबेटांभोवती आणि टाचेच्या कडांवर बारीक तडे दिसले तर वर सांगितलेल्या कशावरही पैसे घालू नका.

कोर्सला जाताना 2 आणि 3 मिमी शीटचे दोनचार कापलेले तुकडे, टेप आणि कटर चेक-इन बॅगेत टाका. चार-पाच दिवसांत डावा लायनर दबून बूट पुन्हा सैल वाटेल. तेव्हा टाचेच्या पॅडवर आणखी एक 2 मिमीचा थर चढवायचा, आणि रात्री लायनर काढून खोलीत वाळवायचा, हीटरला चिकटवून नाही.