वाढदिवसाचे जेवण, दारातले बाळ आणि मामलेदाराचा दाखला

अनाथ आणि सोडून दिलेल्या मुलांविषयी गोव्यातल्या वाचकांनी पाठवलेले काही प्रश्न आणि बालसंरक्षणाच्या कामातल्या मंडळींनी दिलेली उत्तरे.

मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला जवळच्या आश्रमातल्या पंचवीस मुलांना जेवण घालायचे आहे. केटरर पुलाव, पनीर, गुलाबजाम आणि केक सुचवतो. काय द्यावे? (फोंडा)

आधी तारीख विचारा, पदार्थ नंतर. बालदिन, नाताळ आणि नववर्ष या दिवसांत एकाच आश्रमात दोन केक आणि तीन बिर्याण्या येऊन पडतात. रात्री उरलेला भात गुरांना जातो, आणि दुसऱ्या दिवशी दोन-तीन पोरांची पोटे बिघडलेली असतात. त्याउलट जून-जुलैत कोणी फिरकत नाही. नेमकी तेव्हाच मासेमारी बंद असते, भाजी महागलेली असते आणि दप्तर-रेनकोटचा खर्च अंगावर असतो.

बाल न्याय कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांत आहाराचे कोष्टकच दिले आहे. एका मुलाला दिवसाला धान्य ६०० ग्रॅम, त्यातले १०० ग्रॅम गहू, नाचणी किंवा ज्वारी. डाळ-कडधान्य १२० ग्रॅम, तेल २५ ग्रॅम, पालेभाजी १००, इतर भाजी १३०, न्याहारीला दूध १५० मिलिलिटर, दही किंवा ताक १००. आठवड्यातून एकदा कोंबडी किंवा चार दिवस अंडी. पंचवीस मुलांचा हिशेब मांडला तर रोज धान्य १५ किलो (त्यात नाचणी किंवा गहू अडीच किलो), डाळ ३ किलो, तेल ६२५ ग्रॅम, दूध पावणेचार लिटर. तांदूळ सगळेच देतात. कमी पडते ते डाळ, दूध, अंडी आणि पालेभाजी, कारण या वस्तू टिकत नाहीत किंवा फोटोत शोभत नाहीत. केटररला द्यायचे ते पैसे पंधरा दिवसांच्या अंड्यांना आणि डाळीला दिलेत तर मुलांच्या अंगाला लागेल.

जेवणच द्यायचे असेल तर शिधा द्या आणि तिथल्याच चुलीवर रांधू द्या. खतखते (मिश्र भाज्यांची आमटी) आणि मणगणे (चणाडाळीची खीर) पोरे आवडीने खातात, आणि कोणाला कशाने पुरळ येते ते तिथल्या स्वयंपाकिणीला ठाऊक असते. बाहेरून शिजवून आणणार असाल तर शिजल्यापासून वाढेपर्यंत दोन तासांहून अधिक जाऊ देऊ नका. दुपारच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेले पनीर हे पोटे बिघडण्याचे नेहमीचे कारण.

एक आगाऊ सूचना. मुलांना रांगेत उभे करून तुमच्या लेकीसाठी गाणे म्हणायला लावू नका. ज्या मुलाला स्वतःची जन्मतारीखच माहीत नाही, त्याला दर रविवारी दुसऱ्या कोणाच्या तरी वाढदिवसाला टाळ्या वाजवाव्या लागतात.

जुने कपडे नेण्याआधी मापे विचारा. आतले कपडे नवेच हवेत. सॅनिटरी पॅड, कपड्यांचा साबण, उवांचे औषध, सेप्टिक टाकी उपसण्याचा खर्च, यांसाठी कोणी दाता पुढे येत नाही.

आमच्या वाड्यावर पहाटे देवळाच्या पायरीवर तान्हे बाळ सापडले. शेजारच्या निपुत्रिक जोडप्याने ते घरी नेले आणि स्टॅम्पपेपरवर दत्तकपत्र करू म्हणतात. चालेल का? (पेडणे)

नाही. हा मजकूर वाचाल त्याच दिवशी १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन क्रमांक) ला फोन करा. सापडलेल्या मुलाला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) हजर करावे लागते. कळूनही न कळवणे हा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्याची रीत सोडून मूल दत्तक घेतल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखाचा दंड किंवा दोन्ही. त्या स्टॅम्पपेपरला काडीचीही किंमत नाही. शाळेच्या दाखल्याच्या वेळी ते उघडे पडते, आणि तोवर मूल त्या दोघांना आई-बाबा म्हणत असते.

असे बाळ हाती आल्यास पहिल्या अर्ध्या तासात काय करावे तेही सांगतो. आंघोळ घालू नका. कोरड्या सुती कपड्याने टिपा, टोपडे घाला, कोणाच्या तरी उघड्या छातीशी धरून वरून चादर गुंडाळा. बाळ दगावते ते बहुधा थंडीने, भुकेने नव्हे. मध, साखरपाणी, गाईचे दूध काहीही तोंडात घालू नका. नाळेला हळद किंवा राख लावू नका. १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. ज्या फडक्यात बाळ होते ते धुऊ नका, पोलिसांना तसेच द्या. सापडल्याची वेळ आणि जागा लिहून ठेवा.

पुढे पोलीस पालकांचा शोध घेतात, वर्तमानपत्रात निवेदन येते. दोन वर्षांखालच्या मुलाचे कोणी मिळाले नाही तर दोन महिन्यांत, मोठ्याचे चार महिन्यांत समिती त्याला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळे ठरवते. मग ते देशभराच्या प्रतीक्षायादीतल्या कुटुंबाला जाते. ज्याला सापडले त्याला अग्रहक्क नाही. आई स्वतः मूल स्वाधीन करू इच्छित असेल तर तिने रात्रीच्या अंधारात पायरी गाठायची गरज नाही. समितीपुढे स्वाधीनपत्र करता येते, नाव गुप्त राहते आणि मन बदलायला ६० दिवस मिळतात.

जावई चार वर्षांपूर्वी गेला, मुलगी यंदा. तीन नातवंडे माझ्यापाशी आहेत, दोन मुलगे आणि एक मुलगी. माझे वय ६७. लोक म्हणतात, आश्रमात ठेव, शिकतील तरी. (डिचोली)

आजी, घाई करू नका. आश्रमात ठेवलेत तर भावंडे फुटतील, कारण मुलगे आणि मुली वेगवेगळ्या संस्थांत जातात. आई गेल्यावर वर्षाच्या आत भाऊ-बहीणही एकमेकांना महिन्यातून एकदा भेटू लागले, की ती पोरे गप्प होतात आणि लोक त्यालाच शहाणपण म्हणतात. कायदाही संस्थेला शेवटचाच पर्याय मानतो.

तुमच्यासारख्यांसाठी केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत प्रायोजकत्व आहे: प्रत्येक मुलामागे महिन्याला ४,००० रुपये. नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुले त्यात बसतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांच्या आत हवे. अर्ज जिल्हा बालसंरक्षण कक्षात द्यायचा. दोघांचे मृत्यूचे दाखले, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे पत्र, मामलेदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार आणि बँकेचे पासबुक जोडा. त्यानंतर सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन अहवाल करतो आणि मान्यता समिती निर्णय देते.

अडते कुठे? बहुतेक वेळा खात्यात. शाळेने शिष्यवृत्तीसाठी एक खाते उघडलेले असते, आईने दुसरे, आणि आधार तिसऱ्याच खात्याला जोडलेले. पैसे भलतीकडे जातात नाहीतर परत फिरतात. अर्जाआधी बँकेत जाऊन तिन्ही मुलांचे कोणते खाते आधारला जोडलेले आहे ते विचारा. दुसरी अडचण म्हणजे शाळेतल्या गैरहजेरीने हप्ता थांबू शकतो. म्हणून गणेश चवथीला मामाकडे गेलेली मुले शाळा सुरू होण्याआधी परत आणा.

आणि तुमच्यानंतर कोण, हे आताच ठरवा. मामा-मावशी कोणी तयार असेल तर कार्यकर्ता घरी येईल तेव्हा त्यांनाही बोलवा, त्यांचे नाव अहवालात येऊ द्या.

मी ५२, पत्नी ४९. एक मुलगी कॉलेजात आहे. दत्तक घ्यावे की पालनपोषणासाठी मूल आणावे? गोव्यातल्या वारसा कायद्याचे काय? (मडगाव)

वयाचे गणित आधी. दाम्पत्याच्या दोघांच्या वयाची बेरीज धरतात: दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी कमाल ८५, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १००, आठ ते अठरासाठी ११०. तुमची बेरीज १०१, म्हणजे आठ वर्षांवरचेच मूल. यात निराश होण्यासारखे काही नाही. तान्ह्या बाळासाठी लोक वर्षानुवर्षे थांबतात आणि नऊ-दहा वर्षांची मुले संस्थेतच मोठी होतात.

नोंदणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर होते. मग गृहभेटीचा अहवाल येतो, मूल सुचवले की ४८ तासांत होकार कळवावा लागतो. सप्टेंबर २०२२ पासून अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यानंतर दोन वर्षे पाहणी चालते. गोव्यात हमखास खोळंबा होतो तो लग्नाच्या दाखल्याने आणि आडनावाने. देवळातले किंवा सभागृहातले लग्न पुरत नाही, नागरी नोंदणीचा दाखला लागतो. आणि जुन्या नोंदीत आडनाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेले, आधारवर इंग्रजी वळणाने. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

पालनपोषण, म्हणजे फोस्टर केअर, ही वेगळी गोष्ट. तिथे मूल तुमच्या घरी राहते, पण कायद्याने तुमचे होत नाही. त्याचे आईवडील हयात असू शकतात आणि परतही येऊ शकतात. दत्तकासाठी मोकळे ठरलेले मूल दीर्घकालीन पालनपोषणाला देत नाहीत. २०२४ च्या आदर्श मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीलाही हे करता येते (एकट्या पुरुषाला फक्त मुलगा), आणि दोन वर्षांनंतर, मूल मोकळे झाले असल्यास, त्याच कुटुंबाला दत्तकाचा मार्ग आहे.

आता वारसा. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत दत्तकाची तरतूदच नव्हती, आणि १९५६ चा हिंदू दत्तक कायदा गोव्याला लागू झालेला नाही. म्हणून इथे सर्व धर्मीयांना बाल न्याय कायद्याचीच वाट. त्या कायद्याने दत्तक मूल आदेशाच्या तारखेपासून तुमचे मूल ठरते, लेकीच्या बरोबरीने. पालनपोषणातल्या मुलाला मात्र आपोआप काही मिळत नाही. मृत्युपत्र करायचे तर गोव्यात मुलांचा राखीव अर्धा भाग कोणालाही डावलता येत नाही. तुम्हा पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असेल तर तुमचा वाटा अर्धा, आणि त्यातला अर्धाच तुमच्या मर्जीचा, म्हणजे एकूण मालमत्तेचा चौथा हिस्सा. लेकीला हे तोंडी नव्हे, कागदावर मांडून दाखवा. घरातले वितुष्ट इथूनच सुरू होते.

भाऊ लिस्बनला असतो, पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे. त्याने गावच्या आश्रमाला पैसे पाठवले तर? (म्हापसा)

पासपोर्ट बदलला की त्याचा पैसा विदेशी देणगी ठरतो, मग तो रुपयांत का असेना. ओसीआय कार्डाने (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) यात फरक पडत नाही. संस्थेकडे विदेशी देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी हवी आणि रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतल्या खात्यातच यायला हवी. भाऊ भारतीय नागरिक राहून परदेशात नोकरी करत असता आणि बँकेमार्फत स्वतःच्या कमाईतून पाठवत असता, तर ही अट नसती. पैसे तुमच्या खात्यात मागवून पुढे देण्याची युक्ती करू नका, नोंदणी अडचणीत येते ती संस्थेची. तुम्ही स्वतः द्याल तेव्हा लक्षात ठेवा: दोन हजारांवरच्या रोख देणगीला आयकराची सवलत नाही.

सत्तरी तालुक्यात वडिलोपार्जित मोठे घर रिकामे आहे. तिथे अनाथालय सुरू करावे असे वाटते. (वाळपई)

टेप घेऊन घर मोजा. झोपण्याच्या खोलीत मुलामागे ४० चौरस फूट लागतात. बारा बाय बाराच्या खोलीत तीन मुले, चौथे नाही. सात मुलांमागे एक संडास, दहांमागे एक न्हाणीघर. जुन्या घरांत संडास परसात असतो. पावसाळ्यातल्या रात्री सात वर्षांचे पोर तिथे जाणार नाही, अंथरूण ओले करील आणि त्यासाठी ओरडा खाईल. संडास आतच बांधा.

नोंदणीशिवाय एकही मूल ठेवू नका. तसे केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड किंवा दोन्ही. नोंदणीसाठीच्या तपासण्यांचा कंटाळा येईल तेव्हा आठवा: मडगावात मुलांचे वसतिगृह चालवणाऱ्या एका माणसाला मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल १९९१ साली अटक झाली आणि १९९६ साली जन्मठेप. लोक त्याला परोपकारी समजत होते. २००३ साली गोव्याने स्वतःचा बालक कायदा केला. त्यानुसार हॉटेलांनाही, कुटुंबासोबत किंवा रक्ताच्या नात्यातल्या माणसाबरोबर नसलेले मूल खोलीत घेता येत नाही.

आमचे मत विचाराल तर अनाथालय नको, कुटुंबघर करा. समूह पालनपोषणात एका घरात, सांभाळणाऱ्यांची स्वतःची मुले धरून, आठच मुले असतात. ही कल्पना जुनी आहे. ऑस्ट्रियात इम्स्ट इथे १९४९ साली एसओएस बालग्राम सुरू झाले, भारतात १९६४ साली फरिदाबादला: एक घर, एक आई, काही भावंडे, एक चूल. हे मोडते ते आई थकली की. तिला आठवड्याची सुटी नसते, दुसरी बाई नेमलेली नसते, आणि तिसऱ्या वर्षी ती निघून जाते. मुलांचे घर दुसऱ्यांदा सुटते. म्हणून पहिल्या दिवसापासून दोघी नेमा आणि दुसरीला मुलांनी ‘मावशी’ म्हणून ओळखू द्या.

आश्रमभेटीचे फोटो फेसबुकवर टाकले तर? (वास्को)

मुलांची ओळख उघड करणे गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. धान्याच्या पोत्याचा फोटो टाका.

अठरा पूर्ण झाल्यावर मुले कुठे जातात? (काणकोण)

अनुरक्षण सेवा, म्हणजे संस्था सोडल्यानंतरची मदत, २१ वर्षांपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत मिळते. पण खरी धावपळ कागदांची. सरकारी नोकरीसाठी गोव्यात पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. पंधरा वर्षांत तीन संस्था आणि चार शाळा बदललेल्या मुलाने तो कसा सिद्ध करायचा? म्हणून सोळाव्या वर्षीच प्रत्येकाची फाइल उघडावी. तीत समितीचे सगळे आदेश, प्रत्येक शाळेचा सोडल्याचा दाखला (पहिलीपासूनचा), जन्मनोंद, आधार आणि एकट्याच्या नावाचे बँक खाते असावे. मधल्या वर्षाचा एखादा दाखला सापडत नसेल तर मुख्याध्यापक निवृत्त होण्याआधी हजेरीपटाची प्रमाणित प्रत मागून घ्या. फाइलचा एक संच संस्थेकडे, एक मुलाच्या हातात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. इथल्या पावसात कागदाला बुरशी धरायला एक श्रावण पुरतो.