होकुसाईच्या लाटेची 'ओरिजिनल' प्रत कुठली?

तुम्ही विचारलंय की जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट, म्हणजे लाकडी फळ्यांवरून छापलेलं त्याचं चित्र, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्येही आहे आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही, मग त्यातली खरी कुठली? आणि बाकीच्या कॉप्याच असतील तर त्यांना एवढी किंमत का?

दोन्ही खऱ्या. तुम्ही ज्या अर्थानं 'ओरिजिनल' शोधताय, ते होकुसाईनं स्वतःच्या हातानं काढलेलं, ज्यावरून ठसा झाला ते चित्र जगात कुठेच नाही. ते कोरताना संपलं. या कलेची पद्धतच तशी आहे. मी गेली काही वर्षं पुण्यात घरी याच जपानी पद्धतीनं छापतो, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

चित्रकार पातळ कागदावर नुसत्या काळ्या रेषांत चित्र काढतो. कोरणारा तो कागद रानचेरीच्या फळीवर खळीनं पालथा चिकटवतो. मग ओल्या बोटानं मागून चोळत चोळत कागद काढत जातो, शेवटी फळीवर एक पापुद्रा आणि रेषा तेवढ्या उरतात. त्यावर जरासं तेल फिरवलं की रेषा लख्ख दिसतात. आणि मग त्याच रेषांच्या दोन्ही अंगांनी सुरी चालते, कागदासकट. सुरी बाहेरच्या बाजूला झुकवून चालवायची, म्हणजे रेषा शेताच्या बांधासारखी उभी राहते, माथ्याला अरुंद, पायाला रुंद. सुरी आत वळली की बांध खालून पोखरला जातो आणि छापताना ती रेषा तुटते. स्त्रियांच्या चित्रांत कपाळावरचे केस कोरायचं काम कारखान्यातला सगळ्यात मुरलेला कारागीरच करायचा. तिथवर पोचायला दहा-दहा वर्षं उमेदवारी करावी लागायची.

म्हणजे एका चित्रामागे चार जण: पैसे घालणारा प्रकाशक, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा. लाट साधारण १८३१ मध्ये निशिमुराया योहाची या एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, प्रकाशकानं काढली. चित्रावर सही फक्त होकुसाईची आहे. फेसाची ती नखं लाकडात ज्यानं कोरली त्याचं नाव चित्रावर कुठेच नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

रंगांचं गणित मला सगळ्यात विलक्षण वाटतं. १७६५ च्या सुमाराला सुझुकी हारुनोबू या चित्रकाराच्या काळात अनेक रंगांची छपाई रुळली. प्रत्येक रंगाला वेगळी फळी, आणि सगळे रंग एकाच रेषेत बसायला हवेत. त्यासाठी फळीवर दोन खुणा कोरतात, कोपऱ्यात एक काटकोनी आणि लांब कडेला एक सरळ. याला केन्तो म्हणतात. (रोजच्या जपानीत याच शब्दाचा अर्थ 'अंदाज' असाही होतो.) कागदाचा कोपरा पहिल्या खुणेत, कड दुसऱ्या खुणेत, मग कागद हळूच खाली सोडायचा. यातलं खरं डोकं पुढे आहे. रेषांच्या फळीवरून जे पहिले छाप काढतात, त्यांत केन्तोही छापून घेतात आणि तेच छाप रंगांच्या फळ्यांवर चिकटवून कोरतात. म्हणून खुणा सगळ्या फळ्यांवर आपोआप एकाच जागी येतात.

एवढं करूनही कागद दगा देऊ शकतो. छापताना तो पहिल्या रंगापासून शेवटच्यापर्यंत सारखाच दमट लागतो, कारण वाळला की आक्रसतो. एका मे महिन्यात मी बारा कागद घेऊन बसलो होतो. दोन रंग नीट बसले. तिसऱ्याला, हिरव्याला, पानं रेषेच्या बाहेर यायला लागली, जेमतेम एक मिलिमीटर, पण चित्र मेलं. केन्तो जागच्या जागी होता. पंखा चालू होता आणि कागदांच्या कडा वाळल्या होत्या. बाराच्या बारा गेले. तेव्हापासून कागद ओल्या वर्तमानपत्रांत आणि वर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले असतात, आणि छापताना पंखा बंद.

इथे यंत्र नसतंच. शाई म्हणजे पाण्यात कालवलेला रंग आणि भाताची खळ, ब्रशनं फळीवर पसरलेली. कागद कोझो नावाच्या झाडाच्या सालीचा, सरस आणि तुरटीचा हात दिलेला. त्यावर बारेन फिरतो. बारेन म्हणजे तळहातात मावणारी चकती, आत बांबूच्या कोंबाच्या सालपटाच्या पिळलेल्या दोरीची वेटोळी आणि वरून तेच सालपट ताणून बांधलेलं. दोरीच्या प्रत्येक पिळाचा उंचवटा रंगाला कागदात ढकलतो. खांद्यापासून जोर लावला तरच रंग तंतूंत उतरतो, नुसत्या मनगटानं वर ठिपके ठिपके राहतात. आकाश वरून गडद आणि खाली विरत जाणारं दिसतं ना, ती छटा फळीत कोरलेली नसते. छापणारा प्रत्येक कागदाआधी फळी ओल्या फडक्यानं पुसतो आणि एका कडेला रंग देऊन ब्रशनं विरवतो. दोनशे कागद असतील तर दोनशे वेळा. तुम्ही ज्यांना कॉप्या म्हणताय, त्यातल्या कुठल्याही दोन तंतोतंत सारख्या नसतात त्या यामुळे.

किमतीतला फरक मात्र खरा आहे. फळी झिजते. लाटेच्या सुरुवातीच्या छापांत डावीकडे वरच्या शीर्षकाच्या चौकटीच्या रेषा अखंड आहेत, नंतरच्यांत त्या तुटत जातात. एदोत साधारण वाटी-दोन वाटी नूडल्सच्या पैशांत मिळणारं हे चित्र मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे २७ लाख ६० हजार डॉलरला गेलं.

याच पद्धतीनं छापणाऱ्या आणखी एका जपानी चित्रकाराचं नाव शोधून बघाच: योशिदा हिरोशी. त्यानं १९२६ मध्ये शिडाच्या होड्यांचं एकच चित्र त्याच फळ्यांवरून रंग बदलून सकाळ, दुपार, धुकं, रात्र असं छापलं. १९३०-३१ मध्ये तो भारतात येऊन गेला आणि ताजमहालाबरोबर आपलं अजिंठा आणि वेरूळही त्यानं लाकडात उतरवलं.

विकत घ्यायचा विचार असेल तर नव्यानं फळ्या कोरून हातानं छापलेली लाट आजही टोकियोत मिळते, आणि ती पोस्टरपेक्षा कितीतरी वेगळी वस्तू आहे. घेताना चित्र उलटं करून पाठ बघा. रंग आरपार उतरलेला आणि बारेनचे गोल फिरलेले माग दिसले, तर ते हातानं छापलेलं आहे.